बसलेली गाडी

आमच्या दारातली गाडी रात्री उभी असायची आणि सकाळी बसलेली असायची.

हे मी अलंकारिक बोलत नाही. अब्बा फजरची नमाज पढून मशिदीतून परत येत, तेव्हा ती पत्र्याच्या शेडखाली म्हशीसारखी फतकल मारून बसलेली दिसे. कधी मागच्या डाव्या कुशीवर कललेली, कधी चारही बाजूंनी सपाट. थोड्या वेळाने धाकटा भाऊ उठून चावी फिरवायचा, गाडीच्या पोटातून घर्र घर्र आवाज यायचा आणि तीन-चार मिनिटांत ती हळूहळू उठून उभी राहायची. गल्लीतली पोरं हा तमाशा बघायला शाळेत जाता जाता थांबायची. अब्बा मात्र तिच्याकडे न बघता सरळ घरात जायचे.

चार महिने ते त्या गाडीकडे बघत नव्हते आणि भावाशी बोलत नव्हते.

आज त्या गाडीच्या दुरुस्तीबद्दल लिहायचं आहे. तुमच्यापैकी कुणी अशी जुनी मोठी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल, म्हणून तपशील जरा जास्त देतो. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. मध्ये मध्ये माणसं आहेत.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. दोष कंपनीचा कमी आणि आमच्या घाईचा जास्त होता. सात माणसांची मोठी काळी एसयूव्ही, दहा वर्षं जुनी. ज्या पैशात नवी साधी गाडी आली असती, त्या पैशात ही मिळाली. भावाचा हिशोब सरळ होता. आमची वाई म्हणजे सिनेमावाल्यांची वाई. ‘गंगाजल’मधलं बिहार इथेच उभं राहिलं, ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली, ‘चेन्नई एक्सप्रेस’सुद्धा इथे येऊन थांबली. युनिट आलं की गाड्या लागतात. शूटिंग नसेल तेव्हा लग्नसराई. नवरदेवाला हल्ली मोठी काळी गाडीच हवी असते. आणि वर पाचगणी-महाबळेश्वरला पाहुण्यांची ये-जा चालूच. “गाडी स्वतःचे हप्ते स्वतः फेडेल,” असं तो म्हणाला.

हप्ते! ठिणगी तिथेच पडली. अब्बांनी चाळीस वर्षं बावधन नाक्याकडे ट्रकच्या पाट्यांचं काम केलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गॅरेजचं शटर खाली ओढलं ते ओढलं. या चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही व्याजाने पैसा उचलला नाही. व्याज हराम, हे तर होतंच. पण गॅरेजमधला लोखंडाचा प्रत्येक तुकडा रोखीने घेतलाय, हा त्यांचा अभिमानही होता. धाकट्याने त्यांना न विचारता फायनान्स केलं, गाडी दारात आणली आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. अब्बांनी विचारलं, “किती वर्षांचं?” तो म्हणाला, “पाच.” अब्बांनी पेढा घेतला नाही.

आता यंत्राकडे येतो.

पुस्तकी मराठीत सस्पेन्शनला ‘निलंबन’ म्हणतात. आम्ही विश्वकोशाच्या गावचे, म्हणून मी एकदा हा शब्द घरात वापरून पाहिला. अम्मी दचकून म्हणाली, “कुणाला निलंबित केलं?” मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे तिला ती धास्ती कायम असते. तेव्हा आपण सस्पेन्शनच म्हणू.

ट्रकला पाटे असतात. पोलादी पट्ट्या एकावर एक रचायच्या, मधून सेंटर बोल्ट घालायचा, यू-बोल्टने आवळायचं. खड्डा आला की पाटा वाकतो आणि परत आपल्या जागी येतो. कारला बहुधा कॉइलची स्प्रिंग असते. एअर सस्पेन्शनमध्ये या पोलादाची जागा हवा घेते. प्रत्येक चाकापाशी जाड रबराची, आत दोऱ्यांचं विणकाम असलेली पिशवी असते. मिस्त्री लोक तिला ‘बलून’ म्हणतात. हवा भरली की गाडी वर, सोडली की खाली. हवा भरायला मोटरवर चालणारा छोटा कंप्रेसर. ती हवा कुठल्या चाकाला द्यायची हे बघणारा व्हॉल्व्हचा ठोकळा. चाकाचाकापाशी उंची मोजणारे सेन्सर. आणि या सगळ्यांचं ऐकून हुकूम सोडणारा कॉम्प्युटर.

प्रकार नवा नाही. अमेरिकेत १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला चारही चाकांना हवेच्या स्प्रिंगा होत्या, आणि त्यांच्या कटकटीला कंटाळून अनेक मालकांनी त्या काढून साध्या कॉइल बसवून घेतल्या. १९९२ मध्ये रेंज रोव्हरला इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं आणि पुढे मोठ्या एसयूव्हींमध्ये ते रुळलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हवेवरचा प्रवास पहिल्यांदा अनुभवला तो व्होल्वोच्या बसमध्ये. त्या बस भारतात २००१ मध्ये आल्या. खंबाटकी घाटात पोटातलं पाणी हलत नाही ते या बलूनमुळे.

पण बस आणि कार यांच्यात एक फरक आहे आणि तो आम्हाला उशिरा कळला. बसचा कंप्रेसर इंजिनावर चालतो, ब्रेकलाही तोच हवा पुरवतो. बलून थोडासा गळत असला तरी तो बिचारा भरत राहतो. कारचा कंप्रेसर जेमतेम नारळाएवढा. त्याने थोडं चालायचं आणि थांबायचं, अशीच त्याची रचना असते. त्याला सतत पळवलं तर तो तापतो, आणि रोज रोज तापला तर जळतो.

मे महिन्यात एका लग्नाचं वऱ्हाड वाईहून पाचगणीला निघालं होतं. पसरणी घाटात अर्ध्यावर डॅशबोर्डवर आधी पिवळा दिवा लागला, मग लाल, मग वेग कमी करा असा संदेश आला, आणि फुलांनी सजवलेली गाडी नवरदेवासकट खाली बसली. नवरदेवाने उरलेला घाट मागून आलेल्या वऱ्हाडाच्या टेम्पोत उभ्याने काढला. भाडं गेलं ते गेलंच. त्या रात्री भावाला आलेले फोन मी ऐकले आहेत. लोक गाडीला शिव्या देत नाहीत, गाडीवाल्याला देतात.

मग निदानं सुरू झाली. खाला म्हणाली नजर लागली, आणि पुढच्या बंपरला काळा दोरा बांधून गेली. भावाचा एक मित्र म्हणाला, हे हवेचं लफडंच काढून टाक, कॉइल बसव. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, पुरेसा दाब तयार होत नाही. वर्कशॉपने त्याचा अर्थ लावला की कंप्रेसर गेला. आणि अब्बांनी गाडीला हातही न लावता अम्मीला सांगितलं, “व्याजाच्या पैशाची गाडी. बसणारच.”

अम्मीने दोन बांगड्या मोडल्या. मूळ कंपनीचा कंप्रेसर परवडत नव्हता, म्हणून बाहेरचा आणून बसवला. गाडी एकदम तरतरीत झाली. बेचाळीस दिवस. त्यानंतर नवा कंप्रेसरही कण्हू लागला. थोडा चालायचा, तापून बंद पडायचा, गार झाला की पुन्हा चालायचा. सकाळी गाडी पुन्हा बसलेली. बांगड्या गेल्या आणि दुखणं तिथेच.

जुलै संपत आला होता. रात्री पाऊस जरा उघडला म्हणून भावाने गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर नेली, मोबाइलची बत्ती लावली आणि हवा कुठून सुटतेय ते ऐकायला पाठीवर सरकत गाडीखाली गेला. खाली ना जॅक, ना घोडी. दोन टनांच्या वर वजनाची गाडी हवेवर उभी, तीही गळक्या हवेवर. मी तिथेच छत्री घेऊन उभा होतो आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे मी इथे कबूल करतो.

अब्बा इशा पढून परत येत होते. त्यांनी फक्त गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय पाहिले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस इतक्या वेगाने येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “भार निकल! पैले भार निकल!” म्हणत त्यांनी त्याचा घोटा धरला आणि ओढायलाच लागले. चार महिन्यांत भावाशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द.

गाडी तेव्हा खाली आली नाही. पण सकाळी ती बसलेली होती.

त्या रात्री ओट्यावर बसून अब्बांनी एक गोष्ट सांगितली. घरात आम्ही ती कधी ऐकली नव्हती. तरुणपणी हायवेच्या कडेला त्यांच्यासोबत काम करणारा एक पोरगा फक्त जॅकवर उचललेल्या ट्रकखाली गेला. जॅक घसरला. “घोडी लावायला दोन मिनिटं लागतात,” अब्बा म्हणाले. “त्याच्या आईला सांगायला गेलो, तेव्हा सायकलने पाऊण तास लागला.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, “टेप कुठाय?”

अब्बांना स्कॅनर कळत नाही. टेप कळते. चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंची उंची त्यांनी मोजायला लावली आणि शाळेच्या जुन्या डायरीत मला लिहायला सांगितली. पुढे दोन्हीकडे साडेअठरा इंच, मागे दोन्हीकडे एकोणीस. टायरमध्ये हवा बरोबर आहे का, गाडी सपाट फरशीवर आहे का, हेही आधी बघितलं. मग गाडी बंद केली, दारं लावली आणि कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं. फजरनंतर पुन्हा मोजायचं.

पहिल्या सकाळी गोंधळ झाला. चारही बाजू जवळजवळ सारख्याच, अडीच-तीन इंचांनी उतरलेल्या. भाऊ म्हणाला, म्हणजे चारही बलून गेले. त्याचा चेहरा उतरला, कारण चार बलूनचा आकडा आम्ही पुण्यात ऐकून आलो होतो. अब्बा म्हणाले, “चार माणसं एकाच रात्री एकाच वेळी आजारी पडत नाहीत. काहीतरी दुसरं आहे.”

इथे माझं इंग्रजी पहिल्यांदा घराच्या कामाला आलं. गाडीची सर्व्हिसची पुस्तिका मोबाइलवर मिळाली. दुपारभर वाचत बसलो. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की बंद केलेली गाडी काही तासांनी स्वतःच जागी होते, चारही उंची तपासते, आणि एक बाजू खाली गेली असेल तर गाडी तिरकी दिसू नये म्हणून बाकीच्या तीन बाजूंची हवा सोडून त्यांनाही तेवढंच खाली आणते. थोडक्यात, एकाचं दुखणं झाकायला उरलेले तिघं वाकतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळेच गेले.

दुसऱ्या रात्री मापं घेतल्यावर आम्ही सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे गाडीला मधेच जागं होता येणार नाही. सकाळी कंदिलासारखा मोबाइल धरून तिघं गाडीभोवती फिरलो. पुढची डावी साडेअठरा. पुढची उजवी एका सुताने वर. मागची उजवी जवळजवळ होती तिथेच. मागची डावी पंधरा इंच सहा सूत. सव्वातीन इंचांचा फरक, एकाच कोपऱ्यात.

“हा बघा चोर,” अब्बा म्हणाले. त्यांनी स्वतः डायरी घेतली आणि त्या आकड्याभोवती गोल केला.

गाडी बावधन नाक्याकडच्या बंद गॅरेजमध्ये नेली. शटर वर करायला तिघांचा जोर लागला. आत अब्बांच्या ट्रकच्या घोड्या होत्या, एकेक पंधरा-वीस किलोची. चेसिसखाली चारही लावल्या, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मगच अब्बांनी खाली जायची परवानगी दिली. इस्त्रीच्या फवाऱ्यात साबणाचं पाणी भरलं. आधी नळीच्या जोडांवर मारलं. काही नाही. व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर मारलं. काही नाही. बलूनवर मारलं, तरी काही नाही. भावाचा धीर सुटायला लागला. अब्बा म्हणाले, “पाटा रिकामा असताना भेग दिसत नाही, ओझं घातलं की दिसते. याचंही तसंच असेल. उंची बदलून बघ.”

तसंच होतं. हा बलून खाली एका पिस्टनवर मोज्यासारखा दुमडत जातो. भेग त्या घडीत असते. गाडी एका उंचीवर असली तर घडी तिला झाकते, दुसऱ्या उंचीवर ती उघडी पडते. घोड्यांमुळे गाडी वर-खाली करणं भागच नव्हतं, चाकच जॅकने हळूहळू वर-खाली केलं. अब्बांनी दाढीचा आरसा मागवून बलूनच्या आतल्या बाजूला धरला. आणि दिसलं. घडीच्या आत, बोटभर लांबीच्या भेगेवर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. आवाज अजिबात नव्हता. रस्त्याकडेला उभं राहून कुणीही कितीही कान लावला असता तरी ऐकू आला नसता.

अब्बा बराच वेळ आरशात बघत राहिले. मग पुटपुटले, “ब्याज अलग. ये अलग.”

मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. व्याजाबद्दलचं त्यांचं मत तसूभरही बदललं नव्हतं आणि आजही बदललेलं नाही. पण भेगेचा दोष त्यांनी भेगेला दिला. दोष देणं आणि दोष शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला घरात बसून एक वाक्य पुरतं. दुसऱ्याला टेप लागते, दोन रात्री लागतात आणि आपलं आधीचं वाक्य चुकलं तर गिळायची तयारी लागते. आम्ही सगळ्यांनीच, खालापासून पुण्याच्या वर्कशॉपपर्यंत, पहिलं काम करून दुसरं झाल्याचं समजत होतो. मी तर छत्री धरून उभा होतो.

आता कंप्रेसरचा न्याय. त्याला दोनदा दोषी ठरवलं गेलं, आणि दोन्ही वेळा तो फक्त राबत होता. बलून रात्रंदिवस गळत होता, तो भरत होता. स्कॅनरने ‘दाब तयार होत नाही’ म्हटलं ते खोटं नव्हतं. पण का होत नाही, हे स्कॅनर सांगत नाही. गळती तशीच ठेवून नवा कंप्रेसर बसवणं म्हणजे फुटक्या माठासाठी नवा पाणक्या ठेवणं. पहिला थकला तसा दुसराही थकणारच.

त्यात आमच्या भागाची हवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पावसाळाभर आमचा कंप्रेसर तीच ओली हवा ओढत होता. हवा सुकवायला त्याच्या शेजारी एका डब्यात सिलिका जेलचे दाणे असतात. औषधाच्या बाटलीत पुडी असते ना, तेच. गाडी खाली येते तेव्हा सुकी हवा याच डब्यातून उलटी बाहेर जाते आणि जाताना दाण्यांमधली ओल घेऊन जाते. त्यामुळे दाणे पुन्हा कामाला तयार होतात. पण हवा बलूनच्या भेगेतून परस्पर निघून गेली तर डब्याकडे परत येतच नाही. दाणे ओलेच राहतात. पुण्यात बदललेला जुना, मूळ कंप्रेसर भावाने डिकीत टाकून आणला होता. तो आम्ही वर्तमानपत्रावर उघडला. दाण्यांचा ओलसर भुगा झाला होता आणि पिस्टनची रिंग झिजून गुळगुळीत झाली होती. मोटर मात्र धडधाकट होती. अब्बा हसले. “याला भंगार कुणी म्हटलं?”

रिंग आणि सीलचं किट मिळतं, नवीन कंप्रेसरच्या मानाने अगदी किरकोळ पैशात. दाणे मिळतात. ज्या रिलेवरून कंप्रेसर चालू-बंद होतो, त्याचे आतले पॉइंट काळे पडले होते. ते चिकटले तर कंप्रेसर थांबतच नाही, म्हणून रिलेही बदलला. कंप्रेसर बदलणाऱ्यांपैकी कुणीही हा काही शे रुपयांचा रिले बघितला नव्हता.

बलूनचा खर्च मात्र खरा होता. अब्बा म्हणाले मागचे दोन्ही बदलायचे. दोघांचं वय एक, आज डावा गेला तर उद्या उजवा जाणार. भाऊ गप्प बसला. त्याच्याकडे एकाचेच पैसे होते, तेही पुढच्या हप्त्याचे. संध्याकाळी अब्बांनी उमऱ्यासाठी साठवलेल्या पैशांतून त्याच्यापुढे रक्कम ठेवली आणि त्याच डायरीत त्याला लिहायला लावलं: अमुक रुपये, कर्ज-ए-हसना. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे बिनव्याजी कर्ज. घेणाऱ्याने जमेल तसं फेडायचं आणि अडचणीत असेल तर देणाऱ्याने थांबायचं. भावाने सही केली. अब्बांनी दुसऱ्या बाजूला आपली सही केली. इतकं औपचारिक काम आमच्या घरात निकाहाखेरीज कधी झालेलं नाही.

बलून बसवताना तीन गोष्टी शिकलो, त्या लिहून ठेवतो. एक, पाइप खोलण्याआधी त्यातली हवा स्कॅनरवरून हुकूम देऊन पूर्ण सोडायची. या हवेचा दाब टायरच्या कित्येक पट असतो, पाइप सुटला तर डोळा जाईल. दोन, पाइपाचं टोक धारदार पात्याने काटकोनात कापून मगच नव्या जोडात घालायचं. कात्रीने तिरकं कापलं की तिथून नवी गळती सुरू. तीन, नवा बलून रिकामा असताना त्यावर गाडीचं वजन अजिबात येऊ द्यायचं नाही. आधी हवा भरायची, घडी नीट बसलीय का बघायची, मग घोड्या काढायच्या. नाहीतर रबर चिमटीत सापडतं आणि नवा बलून पहिल्याच दिवशी जखमी होतो. शेवटी उंची स्कॅनरमध्ये भरून गाडीला शिकवावी लागते. ते काम भावाने केलं. अब्बा शेजारी टेप घेऊन उभे होते. स्क्रीनवरचा आकडा आणि टेपवरचा आकडा जुळला तेव्हाच त्यांनी मान हलवली.

आणि ज्यांना अशी गाडी जुनी घ्यायची आहे त्यांच्यासाठी: दुपारी चालवून बघू नका. दुपारी ती छानच चालते. मालकाला सांगा की गाडी एक रात्र उभी ठेवा, मी संध्याकाळी माप घेतो आणि उद्या सकाळी तुम्ही चालू करायच्या आधी येतो. सकाळी ती किती उतरली ते बघा. चालू केल्यावर कंप्रेसर किती वेळ घर्र करतो ते घड्याळावर मोजा. इंजिनाच्या आवाजाला भुलून आम्ही हे दोन्ही केलं नाही. मालकाने ‘नको’ म्हटलं, तर तेच तुमचं उत्तर.

बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बांनी मला आणि भावाला उठवलं. पाऊस लागला होता. पत्र्याखाली गाडी उभी होती, सरळ. पुढे साडेअठरा, साडेअठरा. मागे एकोणीस, एकोणीस. मी डायरीत लिहिलं. पोरं शाळेत जाता जाता थांबली, थोडा वेळ वाट बघितली आणि कंटाळून निघून गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. अम्मीच्या हातात अजून बांगड्या नाहीत. फायनान्सचे त्रेचाळीस हप्ते बाकी आहेत आणि लग्नसराई संपली की भावाचा चेहरा बारीक होतो. उमऱ्याची रक्कम थोडी थोडी परत येतेय. डायरीत तिचं पान वेगळं आहे. खालाचा काळा दोरा अजून बंपरला आहे. तो काढायची कुणाचीच हिंमत होत नाही.

अब्बा रोज फजरहून येताना गाडीपाशी थांबतात. टेप लागत नाही आता. मागच्या डाव्या टायर आणि मडगार्डच्या फटीत चार बोटं घालून बघतात, मग घरात येऊन चहा मागतात. भावाला गाडी घेऊन बाहेर जायचं असेल तर “घाट सांभाळून” एवढं म्हणतात. गेल्या ईदला भावाने त्यांना ईदगाहला गाडीतून चला म्हणून खूप आग्रह केला. ते पायी गेले.

“हप्ते फिटू दे,” म्हणाले, “मग बसतो.”

गाडीने बसायचं सोडलं. अब्बा अजून बसलेले नाहीत.